मतदान केंद्र: पार्फिटमास्तरांचं गॅरेज

"तर मग माझं गॅरेज घ्या!" असं पार्फिटमास्तर ग्रामसभेत म्हणाले, तेव्हा ते काही देऊ करत नव्हते, चिडले होते. पण चिडून बोललेलं वाक्य इतिवृत्तात उतरलं की शांतपणे बोललेल्या वाक्यासारखंच दिसतं. तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं उपमुख्याध्यापक म्हणून दर महिन्याला स्वतःच्या हाताने इतिवृत्तं लिहिलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

झालं होतं असं, की पंतप्रधानांनी भर पावसात उभं राहून सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली आणि त्याच आठवड्यात ऑल्डरहोपच्या चॅपलच्या हॉलची तुळई वाकली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, असं आपण धरून चालू. गावाचं मतदान आजवर त्या हॉलमध्ये व्हायचं. आता निवडणूक कचेरीचं पत्र आलं, की गावातल्या दोनशे बारा मतदारांनी चार मैलांवर स्टोकवर्डला जाऊन मत द्यावं. ऑल्डरहोपहून स्टोकवर्डला बस नाही असं नाही. मंगळवारी आहे, शनिवारी आहे. निवडणूक मात्र या देशात गुरुवारी होते.

सभेत प्रॉसरबाई उभ्या राहिल्या. वय एक्क्याण्णव. उभं राहायलाच त्यांना मिनिटभर लागलं, त्यामुळे बोलायच्या आधीच सभा गप्प झाली होती.

"पंचावन्न सालापासून मी एक निवडणूक चुकवलेली नाही," त्या म्हणाल्या. "आमचे हे गेले त्या आठवड्यातसुद्धा जाऊन आले होते. आता मी काय करू, स्टोकवर्डपर्यंत रांगत जाऊ?"

सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. कचेरीला कडक पत्र पाठवावं, असं कुणीतरी सुचवलं. पत्राचा मसुदा करायला उपसमिती नेमावी, असं दुसऱ्या कुणीतरी सुचवलं. तेव्हा मास्तरांच्या तोंडून ते वाक्य निसटलं.

"अनुमोदन!" शेजारचा नेव्हिल क्रम्प तत्काळ ओरडला. दुसऱ्याच्या घरात होणाऱ्या कुठल्याही कार्याला नेव्हिलचं अनुमोदन असे.

घरी आल्यावर मास्तरांनी ही बातमी बायकोला, रोझलिंडला, कोट काढता काढता सांगितली.

"गॅरेज?" ती म्हणाली. "आपलं?"

"आपलंच. दुसऱ्याचं कसं देईन?"

"गॉडफ्री, तू त्या गॅरेजमध्ये शेवटचा कधी शिरला होतास? दार उघडून बघतोस ते नव्हे. आत शिरला होतास?"

हा प्रश्न मास्तरांना वर्मी लागला. गॅरेजमध्ये मोटार कधीच नव्हती, कारण मोटारीला जागाच नव्हती. आत एकतीस वर्षांचा संसार उभा होता: जगाचे गुंडाळलेले नकाशे, त्यांतले निम्मे देश आता राहिले नव्हते, गवत कापायची तीन यंत्रं, तिन्ही दुरुस्तीच्या बेतात, रंगाचे अर्धवट डबे, जुन्या भूगोलाच्या उत्तरपत्रिकांची खोकी. आणि अगदी मागे, जुन्या पडद्याखाली, मुलाचा ड्रमसेट.

बाकी सगळ्याचं काय करायचं ते मास्तर ठरवू शकत होते. ड्रमसेटसाठी फोन करावा लागणार होता.

एड्रियन, त्यांचा एकुलता मुलगा, बर्मिंगहॅमला राहायचा. दीड तासाचा रस्ता. आठ वर्षांपूर्वी देशाने युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर कौल घेतला, त्यानंतरच्या रविवारी तो जेवायला आला होता. त्याची नोकरी एका डच कंपनीत होती. मटणाचा पहिला तुकडा तोंडात जायच्या आत त्याने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कुणीकडे मत दिलंत?"

"मत गुप्त असतं," मास्तर म्हणाले होते.

"म्हणजे बाहेर पडायला दिलंत."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"म्हणायला कशाला हवं!"

ताट तसंच ठेवून तो गेला. पुढच्या वर्षी त्या डच कंपनीने गाशा गुंडाळला आणि एड्रियन पाच महिने घरी बसला. तेव्हापासून बापलेकांत भांडण असं नव्हतं. भांडायला बोलावं तरी लागतं. नाताळला कार्ड यायचं, वाढदिवसाला फोन यायचा, आणि त्या फोनवर हवामान व रस्त्यांवरची वाहतूक एवढे दोनच विषय असायचे.

"हॅलो, एड्रियन. बाबा बोलतोय."

"बोला बाबा. पाऊस आहे का तिकडे?"

"भुरभुर. तुमच्याकडे?"

"सकाळी होता. आता थांबलाय."

"बरं." एरवी या ठिकाणी मास्तर फोन रोझलिंडकडे द्यायचे. आज त्यांनी तो घट्ट धरून ठेवला. "तुझा तो ड्रमसेट. गॅरेज रिकामं करायचंय. मतदान केंद्र होतंय तिथे."



"कुठे?"

"आपल्या गॅरेजात."

"टाकून द्या बाबा," एड्रियन म्हणाला, आणि मग त्याचा आवाज जरा बदलला. "नको, थांबा. मी येऊन घेऊन जातो. चार जुलैला सुट्टी टाकतो."

"चार जुलैलाच मतदान आहे."

"मग बघायलाच येतो," तो म्हणाला. मास्तरांना त्यात टोमणा ऐकू आला. होताही थोडा.

गॅरेज तपासायला निवडणूक कचेरीतून जी बाई आली, तिला मास्तरांनी दारातच ओळखलं. शार्लट प्रीस. नववीत असताना तिने इंग्लंडच्या नकाशात टेम्स नदी उलट्या दिशेने वाहवली होती आणि मास्तरांनी तिला वीसपैकी चार दिले होते. आता तिच्या हातात मोजपट्टी होती.

"सर, उतार जास्त आहे," ती जमिनीवर बसून म्हणाली. "चाकाची खुर्ची वर चढायची तर फळी लागेल. आणि फळीला कठडा."

"होईल."

"उजेड कमी आहे. मतपत्रिकेवरची नावं वाचता यायला हवीत."

"होईल."

"हे स्वयंपाकघरात जाणारं दार मतदान चालू असताना बंद हवं. कुलूपबंद."

"होईल."

"आणि आमच्या दोघा कर्मचाऱ्यांना सकाळी साडेसहापासून रात्रीपर्यंत संडास जवळ हवा. संडास कुठे आहे?"

"त्या दारातून आत," मास्तर म्हणाले.

शार्लटने कागदावर काहीतरी लिहिलं. तिने काय लिहिलं ते वाकून बघायचा मोह मास्तरांनी मोठ्या निग्रहाने आवरला. वीसपैकी चार असणार, असं त्यांना उगाचच वाटत राहिलं. शेवटी असं ठरलं, की कर्मचाऱ्यांनी गॅरेजच्या मोठ्या दारातून बाहेर पडावं, घराला पूर्ण वळसा घालावा, नेव्हिलच्या कोंबड्यांच्या कुंपणाला लागून मागच्या दाराने यावं आणि त्याच वाटेने परत जावं. लोकशाहीत लांबचा रस्ता हाच बहुधा कायदेशीर असतो.

यानंतर दोन आठवडे पार्फिटांच्या घरी रोज एक तरी लिफाफा यायचा. विम्याचा, आगीच्या धोक्याचा, अपंगांच्या सोयीचा, मोटारी कुठे लावायच्या त्याचा. सगळ्यांवर तोच शिक्का, तीच कचेरी. मास्तर पहिले काही उघडून वाचायचे. नंतर गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेल्या, 'गॅरेज' असं लिहिलेल्या खोक्यात ते तसेच क्रमाने लावून ठेवू लागले. क्रम बिघडू द्यायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. उघडणं काय, केव्हाही होईल.

नेव्हिल रोज कुंपणावर कोपर टेकून सल्ला द्यायचा. "फळी सागाची घाल. भिंतीला पांढरा रंग दे. पांढऱ्या भिंतीपुढे माणूस विचार करून मत देतो." हे त्याला कुणी सांगितलं, ते त्याने सांगितलं नाही. पण बोलण्याबरोबर त्याने हातही लावला, हे कबूल करायला हवं. आपल्या लहान ट्रकमधून त्याने तिन्ही गवतयंत्रं, रंगाचे डबे आणि उत्तरपत्रिकांची खोकी कचरा डेपोला नेऊन टाकली.

सगळे डबे मात्र नेता आले नाहीत. शेवटच्या फळीवरचे तीन डबे उचलायला गेल्यावर त्यांच्यामागून एक रॉबिन भुर्रकन नेव्हिलच्या कानाजवळून उडाला. डब्यांवर घरटं होतं आणि घरट्यात चार पिल्लं चोची वासून बसली होती. चालू घरट्याला या देशात हात लावता येत नाही, कायद्याने गुन्हा आहे. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि कचेरीला फोन केला.

"सर, मी नियम बघितले," तासाभराने शार्लटचा उलट फोन आला. "केंद्रात कुठल्याही पक्षाची खूण चालत नाही. पक्ष्याबद्दल काही लिहिलेलं नाही. दार उघडं ठेवा म्हणजे झालं."

पक्षाच्या खुणेवरूनच पुढचं महाभारत झालं. रोझलिंडने घरापुढच्या गुलाबांत ग्रीन पक्षाचा फलक रोवला होता. तो काढावा लागेल, कारण घर आणि केंद्र एकाच आवारात. शेजारी नेव्हिलच्या अंगणात हुजूर पक्षाचा फलक होता, रोझलिंडच्या फलकाच्या तिप्पट, आणि तोंड बरोबर गॅरेजकडे. तो राहू शकत होता, कारण ते आवार वेगळं.

"म्हणजे गॅरेज आम्ही द्यायचं, चहा आम्ही करायचा, संडास आमचा," रोझलिंड म्हणाली, "आणि फलक त्याचा?"

"नियम आहे, रोझ."

"तू एकदा तरी माझ्या बाजूने बोल ना, गॉडफ्री! नियमाच्या बाजूने बोलायला सगळी कचेरी बसली आहे."

कुठल्याच बाजूने न बोलणं ही मास्तरांची आयुष्यभराची कमाई होती. वर्गात त्यांनी धरण बांधण्याचे फायदे सांगितले की पाठोपाठ तोटे सांगितले, आणि मुलांनी "सर, मग बांधावं की नाही?" असं विचारलं की घंटा व्हायची. अखेर नेव्हिलनेच तोड काढली. रोझलिंडचा फलक त्याने स्वतःच्या कोंबड्यांच्या आवारात, कोंबड्यांकडे तोंड करून रोवून दिला. "अजून कुणाला द्यायचं ते त्यांचं ठरलेलं नाही," तो म्हणाला. रोझलिंडला हसू आवरलं नाही, आणि त्या घरात दोन दिवसांनी संध्याकाळचा चहा एकत्र झाला.

चार जुलै उजाडला. मास्तर सकाळी पावणेसातला टाय बांधून, हातात पासपोर्ट घेऊन स्वतःच्या गॅरेजपुढे रांगेत उभे राहिले. रांगेत ते पहिलेच होते. मागे नेव्हिल, त्याच्या मागे प्रॉसरबाई, आपल्या चौपायी काठीला टेकून. बरोबर सातला दार उघडलं. पांढऱ्या भिंती, कठड्याची फळी, दोन लाकडी आडोसे, मध्ये टेबलावर काळी पेटी, आणि टेबलामागे केंद्राध्यक्ष म्हणून खुद्द शार्लट प्रीस. मास्तरांचा ऊर भरून आला. उपमुख्याध्यापकाला असे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात.

शार्लटने पासपोर्ट पाहिला आणि यादीवर पट्टी फिरवत आणली. पट्टी थांबली.

"सर, तुमच्या नावापुढे ए आहे."

"असणारच," मास्तर समाधानाने म्हणाले.

"तसं नाही, सर. ए म्हणजे टपालाने मत देणारा. साथीच्या वर्षी तुम्ही अर्ज केला होतात. तो अजून चालू आहे. मतपत्रिका तुम्हाला घरी पाठवली आहे. इथे देता येणार नाही."

"पण हे माझं गॅरेज आहे!"

"हो, सर."

"पाठवली आहे म्हणजे? कधी?"

"मागच्या महिन्यात. कचेरीच्या लिफाफ्यातून."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे 'गॅरेज' असं लिहिलेलं खोकं उभं राहिलं. ते वळले. मागे नेव्हिल होता, आणि नेव्हिलचा चेहरा असा झाला होता, की विचारायची गरज उरली नाही. तरीही त्यांनी विचारलं.

"उत्तरपत्रिकांची खोकी तीन होती, नेव्हिल. तू किती नेलीस?"

"चार," नेव्हिल म्हणाला. "मला वाटलं, गॅरेजातलंच, 'गॅरेज' लिहिलंय..."

मास्तर फळीवरून खाली उतरले. आपण खाली उतरतोय आणि गाव बघतंय, हे त्यांना मानेच्या मागच्या बाजूने कळत होतं. प्रॉसरबाईंनी पिशवीतून आपला बसचा पास काढला. वर्षानुवर्षं त्यांना हव्या त्या दिवशी बस मिळाली नव्हती, पण ओळख पटवायला पास चालत होता. त्या फळीवर चढल्या, आडोशामागे गेल्या आणि तब्बल सहा मिनिटं बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या थेट अंगणातल्या बाकावर मास्तरांशेजारी येऊन बसल्या.

"छान झालंय हो," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये अंधार असायचा. नावं न वाचताच फुली मारायची मी, अंदाजाने. आज पहिल्यांदा सगळी वाचली. एक माणूस तर बरा वाटला."

मास्तर हसले, पण ते ओठांपुरतंच.

कचेरीला फोन केला तर उत्तर सरळ होतं: हरवली असेल तर संध्याकाळी पाचच्या आत ओळखपत्र घेऊन स्वतः या, दुसरी देतो. कचेरी बावीस मैलांवर. मास्तरांची मोटार नेव्हिलच्या अंगणात, आणि तिच्यापुढे मतदारांच्या मोटारी, एक हलली की दुसरी येऊन उभी. मास्तर स्वयंपाकघरात जाऊन बसले. टाय तशीच होती.

एड्रियन अकराच्या सुमाराला आला. बर्मिंगहॅमला सकाळीच मत देऊन निघाला होता. रोझलिंडने त्याला सगळं सांगितलं. तो हसायला लागला, पण बापाचा चेहरा बघून थांबला.

"मी नेतो ना, बाबा. माझी गाडी बाहेर रस्त्यावर आहे."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "एका मताने काय फरक पडतो?"

रोझलिंडच्या हातातली किटली जागच्या जागी राहिली. चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून तिने हे वाक्य ऐकलं नव्हतं. उलट हे वाक्य बोलणाऱ्यांना त्यांनी दाराबाहेर उभं राहून वीस वीस मिनिटं ऐकवलं होतं. तिने किटली खाली ठेवली आणि मास्तरांचा कोट मुलाच्या हातात दिला.

"ऊठ म्हणावं त्याला," ती म्हणाली. "नाही उठला तर उचलून ने."

रस्ता अरुंद आणि दोन्हीकडे उंच कुंपणं. पहिली दहा मिनिटं हवामानात गेली. मग एका ट्रॅक्टरच्या मागे अडकले आणि वाहतुकीवरही बोलून झालं. ट्रॅक्टर काही वळेना. बोलायला दुसरं काही शिल्लक राहिलं नाही.

"तुला वाटतं मी बाहेर पडायला मत दिलं," मास्तर समोर बघत म्हणाले.

"बाबा, जाऊ दे ना आता ते. आठ वर्षं झाली."

"दिलं नाही."

एड्रियनने मान वळवली.

"आत राहायलाही दिलं नाही. मी कोरा कागद टाकला."

ट्रॅक्टर एका फाटकातून शेतात वळला. रस्ता मोकळा झाला होता, तरी एड्रियनची गाडी पुढे जाईना. त्याने ती फाटकाशी कडेला घेतली आणि बंद केली.

"कोरा?"

"आडोशात उभा राहिलो. तुझं पटत होतं. नेव्हिलचंही थोडं पटत होतं, त्याचा भाऊ मासेमारीतला. म्हटलं, अजून एकदा विचार करू. मागे लोक खोळंबले होते. कुणीतरी खोकलं. मी कागदाची घडी घातली आणि टाकला पेटीत." मास्तर बोटांतल्या पासपोर्टचा कोपरा दुमडत होते. "तू विचारलंस तेव्हा हे सांगायचं होतं मला. पण सगळ्या जिल्ह्याच्या पोरांना मताचं कर्तव्य शिकवलेला माणूस मी. जेवणाच्या टेबलावर काय सांगू, की तुझ्या बापाला ठरवता आलं नाही? त्यापेक्षा तू रागावलेला बरा, असं वाटलं. आधी वाटलं, महिनाभर रागावशील."

एड्रियनने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"मी आठ वर्षं," तो म्हणाला, "एका कोऱ्या कागदावर चिडून होतो."

"माझ्यावर होतास."

"तुमच्यावर अजून आहे. जास्तच आहे!" आणि मग त्याला हसू फुटलं. ते हसू चांगलं होतं की वाईट, ते त्यालाही कळलं नसावं. डोळे पुसत त्याने गाडी सुरू केली. "नोकरी गेली तेव्हा तरी सांगायचंत, बाबा. त्या पाच महिन्यांत तुम्ही मला फक्त पावसाबद्दल विचारत होतात."

"हो," मास्तर म्हणाले. एवढंच. पण त्यांनी हे 'हो' कुठलंही 'पण' न जोडता म्हटलं.

कचेरीत चार तास गेले. जन्मतारीख, सही, आधीच्या अर्जावरच्या सहीशी ही सही जुळते का, वरिष्ठांना दाखवून येते, वरिष्ठ जेवायला गेलेत. अखेर लिफाफा हातात पडला. तिथेच भरून तिथेच देता येईल, असं खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. मास्तर म्हणाले, "नाही. माझं मत माझ्या गावच्या पेटीत पडेल." एड्रियनने डोळे वर केले. परतीच्या वाटेवर मास्तरांनी त्याला त्याच फाटकाशी गाडी थांबवायला लावली, एकटे उतरले, फाटकाच्या खांबावर कागद ठेवून पेन काढलं. या वेळी मागे खोकायला कुणी नव्हतं. शेतातल्या चार मेंढ्या तेवढ्या बघत होत्या. मास्तरांनी सगळी नावं वाचली, बाजू तोलल्या, पुन्हा तोलल्या. मग पेन टेकवलं.

ऑल्डरहोपला पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. शार्लटने लिफाफा घेण्याआधी एक अर्ज पुढे केला. टपालाचं मत हातोहात द्यायचं तर कोण देतंय, कुणाचं देतंय, हे लिहून द्यावं लागतं. शिवाय आपण कुठल्या पक्षाचे प्रचारक नाही, अशी सही. मास्तरांनी स्वतःच्या गॅरेजात उभं राहून, स्वतःचं मत आपण स्वतः आणलं असल्याचं लिहून दिलं. शार्लटने अर्ज परत त्यांच्याकडे सरकवला.

"सर, इथला रकाना राहिलाय."

मास्तरांनी तो भरला. शार्लटने लिफाफा घेतला, टेबलाखालच्या पिशवीत सीलबंद केला आणि मान वर न करता म्हणाली, "शाबास, सर." मास्तरांना राग आला नाही. त्यांना स्वतःलाच याचं नवल वाटलं.

अंगणात एड्रियन ड्रमसेटचे तुकडे गाडीत भरत होता. मास्तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"उदारमतवाद्यांना दिलं," ते म्हणाले.

एड्रियनच्या हातातला ड्रम खाली आपटला. "कुणाला?"

"उदारमतवाद्यांना. त्यांच्या उमेदवाराला बसचं वेळापत्रक पाठ आहे."

"बाबा, इथे त्यांना कोण विचारतं? इथे लढत हुजूर आणि मजुरांची आहे! मजुरांना द्यायचं होतं. तुम्ही ते वाया घालवलंत!"

"वाया? मला जे पटलं त्याला दिलं ते वाया, आणि दुसरे कुणाला देतील त्याचा अंदाज बांधून दिलं असतं तर सत्कारणी?"

"आकडे बघा ना जरा!"

"आकडे मला शिकवू नकोस. हा मतदारसंघ कुठपर्यंत पसरलाय, ते तरी माहीत आहे का तुला?"

आवाज चढत गेले. रांगेतले चार मतदार वळून बघायला लागले. शार्लट दारात आली.

"सर, केंद्राच्या आवारात राजकीय वाद घालता येत नाही."

"हे माझं आवार आहे!"

"रात्री दहापर्यंत माझं आहे, सर."

बापलेक निमूटपणे फाटकाबाहेर गेले. निमूटपणा फाटकापर्यंतच टिकला. पुढे रस्त्याने आवाज पुन्हा सुरू झाले.

साडेसहाला रोझलिंड जेवायला बोलवायला म्हणून बाहेर आली. दोघं वळणापाशी, टेकडीच्या पायथ्याशी होते. एड्रियन हातवारे करत होता. मास्तरांनी कुठूनशी एक काठी पैदा केली होती आणि भर रस्त्यातल्या धुळीत वाकून ते मतदारसंघाची हद्द काढून दाखवत होते. एड्रियनने काठी त्यांच्या हातातून घेतली आणि नकाशात काहीतरी खोडलं. मास्तरांनी ती परत हिसकावून घेतली.

"भांडतायत का दोघं?" कुंपणापलीकडून नेव्हिलने काळजीने विचारलं. सकाळच्या खोक्याचं त्याच्या मनाला अजून लागून होतं. "मी जाऊन मध्ये पडू?"

"खबरदार, नेव्हिल!" रोझलिंड म्हणाली.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आत गेली, पाई परत ओव्हनमध्ये सरकवली आणि आच अगदी मंद केली.